बीडीएसनंतर इम्प्लांट आणि प्रॉस्थो शिकताना: पुण्यातल्या जनरल डेंटिस्टचे नेहमीचे प्रश्न

पेठांपासून हडपसर-पिंपरीपर्यंत स्वतःचं क्लिनिक चालवणारे बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झालेले डॉक्टर इम्प्लांट (हाडात बसवायचं कृत्रिम दाताचं मूळ) आणि प्रॉस्थो (क्राउन म्हणजे दातावरची टोपी, कवळी असे कृत्रिम दात देण्याची शाखा) यांच्या प्रशिक्षणाची चौकशी करताना जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं एका ओळीची आहेत, काही बरीच लांब. जिथे केस बिघडते तिथे लांबण लावली आहे.

नुसत्या बीडीएसवर इम्प्लांट टाकता येतात का?

येतात. भारतात इम्प्लांट ही एमडीएसची (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीची) वेगळी शाखा नाही. प्रॉस्थो, पेरिओ (हिरड्यांची शाखा) आणि ओरल सर्जरी या तिन्ही शाखांत ती शिकवतात, आणि प्रशिक्षण घेतलेला बीडीएस डॉक्टर हे काम करू शकतो. जपायचं ते पाटीवर. आठवड्याअखेरीच्या कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे मान्यताप्राप्त पदवी नव्हे, त्यामुळे नावापुढे पदवीसारखी अक्षरं जोडू नका आणि ‘तज्ज्ञ’ हा शब्दही लिहू नका. परदेशी फेलोशिपचंही तेच.

आधी इम्प्लांट शिकू की आधी प्रॉस्थो?

प्रॉस्थो. बहुतेकांना हे उत्तर आवडत नाही, कारण त्यांना ड्रिल हातात घ्यायची घाई असते.

इम्प्लांट हाडात जातो खरा, पण तो नेमका कुठे जायचा हे वरचा दात ठरवतो. ४६ नंबरची (खालची उजवी पहिली) दाढ गेली असेल तर क्राउन आवळणाऱ्या स्क्रूचं भोक त्या दाढेच्या मधल्या खळग्यातून वर यायला हवं. नुसतं हाड बघून हे ठरत नाही. प्लास्टरच्या मॉडेलवर मेणाची दाढ करा, त्यावर व्हॅक्युमने पातळ शीट ओढून घ्या, खळग्याच्या मध्यावर भोक पाडून त्यात गट्टापर्चा (एक्स-रेत दिसणारा रबरासारखा पदार्थ) भरा आणि ती शीट तोंडात घालूनच सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढा. स्कॅनमध्ये गट्टापर्चाची पांढरी रेघ दिसते. तिच्या रेषेत खाली हाड आहे का, एवढंच मग बघायचं असतं. रेघ एकीकडे आणि हाड दुसरीकडे असेल तर ती तुमची पहिली केस नाही.

दुसरं कारण हाताचं. नैसर्गिक दाताची प्रेप (क्राउनसाठी दात घासून आकार देणं) ज्याला जमत नाही, त्याला इम्प्लांटवरचा क्राउनही जमत नाही. झिरकोनियाच्या क्राउनला चावण्याच्या बाजूने १ ते १.५ मिलिमीटर जागा लागते, पीएफएमला (धातूवर सिरॅमिक चढवलेल्या क्राउनला) १.५ ते २. प्रत्येक भिंतीचा उतार साधारण ६ अंश, दाढेच्या भिंतीची उंची किमान ४ मिलिमीटर, आणि आरसीटी (रूट कॅनाल) झालेल्या दातात हिरडीच्या वर निदान २ मिलिमीटर निरोगी दाताचं कडं, म्हणजे फेरूल. शेवटच्या दाढेची मागची भिंत बुटकी राहते, क्राउन वर्षभरात हातात येतो आणि दोष सिमेंटला दिला जातो. प्रेपच्या आधी पुटीची (माप घ्यायच्या मळायच्या मटेरियलची) इंडेक्स, म्हणजे दाताचा साचा, घ्या, ती मधोमध कापा आणि प्रेपनंतर दातावर धरून बघा. किती मिलिमीटर जागा झाली ते डोळ्यांना दिसतं.

तिसरं कारण कवळी. ज्याने पंधरा-वीस पूर्ण कवळ्यांची जॉ रिलेशन (दोन जबड्यांमधली उंची आणि नातं यांची नोंद) स्वतः घेतली आहे, त्याला पूर्ण जबड्याची इम्प्लांट केस समजते. आरामात बसल्यावर वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट राहायला हवी. ट्रायलच्या वेळी रुग्णाला एकसष्ट ते सत्तर आकडे म्हणायला लावा. मराठीत त्या प्रत्येक आकड्यात ‘स’ आहे. बोलताना दातावर दात टकटक आपटले तर उंची जास्त झाली आहे. हे लॅबला सांगून सुधारत नाही, जॉ रिलेशन पुन्हा घ्यावं लागतं.

कोर्स निवडताना काय विचारू?

पहिला प्रश्न: रुग्णाच्या तोंडात मी माझ्या हाताने किती इम्प्लांट टाकणार? ‘लाइव्ह सर्जरी दाखवू’ म्हणजे तुम्ही बघणार. ‘असिस्ट कराल’ म्हणजे सक्शन धरणार. दोन्हींतून शिकायला मिळतं, पण फी त्या हिशेबाने द्या.

दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: त्याच इम्प्लांटवर क्राउनसुद्धा मीच देणार का? तीन दिवसांत सर्जरी उरकते. क्राउनची वेळ येते दोन-तीन महिन्यांनी, तेव्हा कोर्स संपलेला असतो आणि तुमचा रुग्ण दुसऱ्याच बॅचकडे जातो. क्राउन बसवून एक वर्षानंतरचा एक्स-रे तुम्ही स्वतः काढेपर्यंत जो कोर्स सोबत राहतो तो चांगला, मग प्रमाणपत्राचा कागद कितीही साधा असू दे.

मग हेही विचारा: केस फेल झाली तर इम्प्लांट कोण काढणार? एकाच कंपनीचं किट शिकवणार की दोन-तीन? महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे सीडीई (दंतवैद्यांच्या निरंतर शिक्षणाचे) पॉइंट मिळतात का, हे शेवटी विचारलं तरी चालेल. नोंदणीच्या नूतनीकरणाला ते लागतात. शिकलात की नाही हे पॉइंटवरून कळत नाही.

पुण्यात एमडीएसचे विभाग असलेली कॉलेजं आहेत, धनकवडीला भारती विद्यापीठ, पिंपरीला डी. वाय. पाटील, कॅम्पात रंगूनवाला. तिथल्या सीडीई कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. कॉलेजात रुग्ण भरपूर असतात आणि शेजारच्या खोलीत सर्जन असतो, खासगी कोर्सला ही सोय क्वचितच असते.

रुग्णाआधी सराव कशावर करायचा?

पॉलियुरेथेनचे ठोकळे मिळतात, एका बाजूला कडक आणि एका बाजूला मऊ. तेच २ मिलिमीटरचं ड्रिल दोन्हींत घालून बघितलं की घट्ट हाड आणि भुसभुशीत हाड यांतला फरक बोटांना कळतो.

त्यानंतर बोकडाचा जबडा. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि मुंडी मधोमध फोडू नका, जबडा अख्खा हवा, असं बजावून सांगा. नाहीतर सवयीने दोन तुकडे करून देतात. रविवारी सकाळी मागायला जाऊ नका. बोकडाच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये लांब मोकळी जागा असते. तिथलं हाड अरुंद असतं, ड्रिल जरा कललं की बाजूने बाहेर येतं. फ्लॅप (हाडावरून सोडवलेली हिरडी) उचललेला असल्याने ते लगेच दिसतं. पहिली चूक तिथे झालेली बरी. त्याच जबड्यावर चीर देणं, फ्लॅप न फाटता उचलणं आणि टाके घालणं, तिन्ही होतं.

सायनसच्या (वरच्या दाढांवरच्या हाडातल्या पोकळीच्या) पडद्याची सवय करायला कच्चं अंडं चालतं: गोल बरने कवच घासून आतला पातळ पापुद्रा न फोडता खिडकी करायची. तीन अंडी फुटतात, चौथं जमतं.

पहिली केस कोणती घ्यावी?

खालच्या जबड्यातली पहिली दाढ, एकच. काढून किमान तीन-चार महिने झालेली, दोन्ही शेजारचे दात शाबूत, समोरचा दात खाली न उतरलेला.

आता मोजमाप. १० मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट आणि खालच्या नसेपासून २ मिलिमीटर सुरक्षित अंतर, म्हणजे नसेच्या वर किमान १२ मिलिमीटर हाड. ४.२ मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट आणि गाल-जीभ दोन्ही बाजूंना १.५ मिलिमीटर, म्हणजे रुंदी ७ च्या वर. शेजारच्या दातापासून १.५ मिलिमीटर, आणि दोन इम्प्लांट असतील तर त्यांच्यामध्ये ३. समोरच्या दातापर्यंत उभी जागा सिमेंटने चिकटवायच्या क्राउनला ७ ते ८ मिलिमीटर लागते. स्क्रूने आवळायचा असेल तर थोड्या कमीत भागतं. घट्ट गुलाबी हिरडी निदान २ मिलिमीटर असावी. नसेल तर ब्रश लागला की दुखतं, रुग्ण तिथे घासायचं सोडतो आणि पुढचं सगळं ओढवतं.

तोंड किती उघडतं ते स्केल धरून मोजा. हँडपीसचं डोकं आणि त्यावर ड्रिल मागच्या दाढेवर उभं राहायला ३५ ते ४० मिलिमीटर लागतात. गुटखा-मावा खाणाऱ्यांत तोंड आखडलेलं असतं आणि हे खुर्चीवर भूल दिल्यानंतर कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वरचा पुढचा दात पहिल्या वर्षी घेऊ नका. हाड पातळ, हिरडी पातळ आणि आरसा रुग्णाच्या हातात.

कोणत्या रुग्णाला ‘आत्ता नाही’ म्हणायचं?

एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८ च्या वर असेल तर फिजिशियनकडे परत पाठवा. घरच्या ग्लुकोमीटरचा सकाळचा एक आकडा पुरेसा नाही. शुगर बरी असली तरी श्रावणातला आणि नवरात्रातला उपास विचारा. गोळी घेऊन, पोट रिकामं ठेवून सर्जरीला आलेल्या माणसाला खुर्चीवरच घाम फुटतो.

तंबाखूबद्दलचा प्रश्न नीट विचारायला शिका. ‘तंबाखू खाता का?’ याला आजी ‘छे, मुळीच नाही’ म्हणतात, आणि ते खरं असतं. ‘आजी, दात कशाने घासता? मिश्री लावता का?’ असं विचारलं की ‘सकाळ-संध्याकाळ थोडीशी’ असं उत्तर येतं. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दिवसातून दोनदा त्याच हिरडीवर चोळली जाते. ती सुटल्याशिवाय इम्प्लांट नको.

तसाच दुसरा प्रश्न हाडांच्या औषधाचा. ‘कोणतं औषध चालू आहे?’ यावर बीपीची गोळी सांगतात. ‘हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून किंवा सहा महिन्यांनी पोटावर इंजेक्शन घेता का?’ असं विचारा. झोलेड्रोनिक अॅसिड आणि डेनोसुमॅब लोकांच्या हिशेबात औषध नसतं, ‘ते एक इंजेक्शन’ असतं. या औषधांवर जबड्याचं हाड कुजू शकतं. कॅन्सरसाठी शिरेतून घेत असतील तर इम्प्लांटचा विषयच बंद. हाडांच्या ठिसूळपणासाठी घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांशी लेखी बोलणं झाल्याखेरीज तारीख देऊ नका.

स्टेंट बसवलेल्या रुग्णाची रक्त पातळ करणारी गोळी तुम्ही स्वतःहून बंद करायची नाही. हे वाक्य रिसेप्शनवरच्या मुलीलाही शिकवून ठेवा, कारण फोनवर तीच सांगून टाकते.

ओपीजीवर भागेल का?

नाही. ओपीजीत (दोन्ही जबड्यांच्या सपाट एक्स-रेत) चित्र साधारण २० ते ३० टक्के मोठं येतं, तेही सगळीकडे सारखं नाही, आणि हाडाची रुंदी त्यात दिसतच नाही. एका इम्प्लांटला छोट्या क्षेत्राचा सीबीसीटी पुरतो. स्वतःच्या क्लिनिकमध्ये एक्स-रेचं कोणतंही मशीन ठेवणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवरची प्रक्रिया आधी पूर्ण करा.

ब्लॉक द्यावा की नुसतं इन्फिल्ट्रेशन?

२ टक्के लिग्नोकेन, १:८०,००० अॅड्रिनॅलिनसह, ब्लॉक (अख्खी नस बधिर करणारी भूल; इन्फिल्ट्रेशनने जागेपुरतंच बधिर होतं) द्या. ब्लॉक नसला की ड्रिल नसेजवळ गेल्यावर रुग्ण सांगेल, असा एक जुना सल्ला आहे. रुग्णाच्या दुखण्यावर खोली मोजू नका. ती स्कॅनवर मोजलेली असायला हवी.

ड्रिलिंगमध्ये नवशिक्यांचं नेमकं काय चुकतं?

सगळ्यात जास्त चुकतं ते दाबणं. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट तापलं तरी पेशी मरतात, हे १९८३ मध्ये एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी सशांच्या हाडावर दाखवलं. बोथट ड्रिल जोराने दाबलं की हे तापमान सहज गाठलं जातं. त्या दिवशी काही दिसत नाही, इम्प्लांट घट्टही बसतो आणि महिन्याभराने हलायला लागतो. प्रत्येक ड्रिल किती वेळा वापरायचं ते कंपनी सांगते. किटच्या झाकणाला कागद चिकटवून प्रत्येक केसला एक रेघ ओढा.

क्रम असा. २०:१ चा (मोटरचा वेग वीसपट कमी करणारा) हँडपीस, वेग मिनिटाला ८०० ते १२०० फेरे, थंड सलाइन चालू. टोकदार ड्रिलने वरच्या कडक थराला खूण करा. २ मिलिमीटरचं पायलट ड्रिल आधी फक्त ६-७ मिलिमीटर आत घाला आणि थांबा. त्या भोकात पॅरलल पिन (दिशा दाखवणारी सळई) ठेवा, तिला फ्लॉस बांधलेला असू द्या, आणि एक्स-रे काढा. दिशा बदलायची तर आत्ताच. पुढचं जाड ड्रिल जुन्या भोकाच्याच मागे जातं, नंतर हात कितीही कलवला तरी फरक पडत नाही. दिशा बरोबर असेल तर पूर्ण खोली, मग २.८, मग पुढची. ड्रिल सतत वर-खाली हलवत राहायचं, म्हणजे भुसा बाहेर येतो आणि पाणी आत जातं. शेवटी डेप्थ गेजने तळ आणि चारही भिंती चाचपून बघा. कुठे मऊ लागलं तर तिथे हाड संपलं आहे.

ड्रिलवरची १० ची रेघ म्हणजे बऱ्याच किटमध्ये १० अधिक टोक. टोक अर्धा ते एक मिलिमीटर पुढे असतं. नसेपासूनचं २ मिलिमीटर अंतर यातच खर्ची पडतं, म्हणून आपल्या किटचा आकडा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आधी बघून ठेवा.

आणखी एक फुटकळ पण नेहमीची गोष्ट: सलाइनची नळी खुर्चीच्या चाकाखाली येते आणि ड्रिल कोरडं फिरतं. बाटली आणि नळीवर नजर ठेवणं हे असिस्टंटचं वेगळं काम असू द्या, सक्शन धरणाऱ्याला दोन्ही जमत नाही.

इम्प्लांट किती टॉर्कला बसला की समाधान मानायचं?

टॉर्क म्हणजे आवळताना लागणारा पिळाचा जोर. ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर छान. १५ ते २० ला बसला तर घाबरू नका, कव्हर स्क्रू (इम्प्लांटचं तोंड बंद करणारा) लावून हिरडीखाली झाका आणि जास्त वेळ द्या. ५० च्या वर जायला लागला तर जोर लावू नका. उलटा फिरवून काढा, कडक हाडात टॅप किंवा पुढचं ड्रिल वापरा आणि मग बसवा. ‘फार घट्ट बसला’ ही कौतुकाची गोष्ट नाही, आवळलेलं हाड मरतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनं हाड विरघळत असतं आणि नवं पुरतं आलेलं नसतं. त्या दिवसांत पकड सर्वांत कमी असते. म्हणून टाके सातव्या ते दहाव्या दिवशी काढल्यावर उगाच हीलिंग कॅप (हिरडीबाहेर राहणारी तात्पुरती टोपी) उघडून ‘जरा बघू’ करू नका. आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रॉनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्याला तीन आणि वरच्याला सहा महिने थांबत. आजच्या खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटला बऱ्याचदा दोन-तीन महिने पुरतात, पण पहिल्या दहा केसमध्ये घाई कशाला?

लॅबमधून आलेला क्राउन मॉडेलवर बसतो, तोंडात बसत नाही. का?

बहुतेक वेळा ट्रान्स्फर कोपिंगच (माप घेताना इम्प्लांटवर लावायचा, त्याची जागा लॅबला कळवणारा भाग) नीट बसलेलं नसतं. मध्ये हिरडीचा कोंब किंवा हाडाची कड अडकलेली असते आणि स्क्रू तरीही फिरतो. म्हणून माप घेण्याआधी कोपिंगचा एक्स-रे काढा. तो सरळ निघाला आहे की नाही हे इम्प्लांटच्या आट्यांवरून कळतं. दोन्ही बाजूंचे आटे करकरीत दिसले तर कोन बरोबर, पुसट दिसले तर फट असूनही दिसणार नाही.

दुसरं कारण लेटेक्सचे ग्लोव्हज. त्या हाताने अॅडिशन सिलिकॉनची पुटी मळली की ती सेट होत नाही किंवा पृष्ठभाग चिकट राहतो. पुटी मळताना नायट्राइल किंवा विनाइल घाला, आणि लेटेक्स लागलेली बोटं प्रेपवरही फिरवू नका.

ओपन ट्रेमध्ये (कोपिंगच्या स्क्रूसाठी वर भोक असलेल्या मापाच्या ट्रेमध्ये) ट्रे काढण्याआधी स्क्रू पूर्ण सोडला का, हे दोनदा बघा. नंतर अॅनालॉग (मॉडेलमधली इम्प्लांटची प्रतिकृती) लावताना कोपिंग बोटांत घट्ट धरून स्क्रू आवळा. कोपिंग मटेरियलमध्ये जराही फिरलं तर संपलं. लॅबला केस पाठवताना ‘४६ इम्प्लांट क्राउन, शेड ए-टू’ एवढंच लिहू नका: सिस्टिमचं नाव, प्लॅटफॉर्मचा (इम्प्लांटच्या वरच्या तोंडाचा) व्यास, स्क्रूचा की सिमेंटचा, आणि बाजूच्या दाताशी कॉन्टॅक्ट कसा हवा, हेही लिहा.

स्क्रूचा क्राउन की सिमेंटचा?

मागच्या दाढेला शक्य तिथे स्क्रूचा. हिरडीखाली राहिलेलं सिमेंट काढता येत नाही, एक्स-रेत नेहमी दिसतही नाही, आणि दोन-चार वर्षांनी तिथे पू येतो. सिमेंटचाच द्यायचा तर मार्जिन (क्राउनची कड) हिरडीच्या कडेला किंवा फार तर १ मिलिमीटर खाली. क्राउन आधी बाहेर एका डमी अबटमेंटवर (इम्प्लांट आणि क्राउन जोडणाऱ्या तुकड्याच्या नकलेवर) दाबून जादा सिमेंट पुसून काढा, मग तोंडात लावा.

स्क्रूच्या भोकात टेफ्लॉनची टेप आणि वर कॉम्पोझिट. कापूस भरू नका, वास मारतो.

अबटमेंटचा स्क्रू पुन्हा पुन्हा ढिला होतो. काय करावं?

हाताने आवळलेला स्क्रू साधारण १० ते १५ न्यूटन-सेंटिमीटरला थांबतो. कंपन्या बहुधा ३० ते ३५ मागतात. टॉर्क रेंच लावा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा तितकाच आवळा. मधल्या वेळात धातूचे खडबडीत कंगोरे दबून ताण थोडा उतरतो, दुसऱ्यांदा आवळून तो भरून काढायचा. लॅबने जो स्क्रू वापरला तो तोंडात वापरू नका, नवा घ्या.

तरीही ढिला होत असेल तर बाइट बघा. नैसर्गिक दात दाबला की २५ ते १०० मायक्रॉन खाली जातो, इम्प्लांट ३ ते ५. सगळे दात सारखे लागतात असं चावून बघायच्या रंगीत कागदावर दिसलं तर जोरात चावताना सगळा भार इम्प्लांटवर आलेला असतो. ८ मायक्रॉनची शिमस्टॉक पट्टी घ्या: हलकं चावल्यावर ती क्राउनवरून सरकून यायला हवी, घट्ट चावल्यावर अडकायला हवी. आणि क्राउनची रुंदी जरा आवरा, बाहेर लोंबणारा कंगोरा स्क्रूवर पहारीसारखं काम करतो.

वर्ष-दोन वर्षांनी रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, मेथीची भाजी अडकते.’ त्यात तुमची चूक असेलच असं नाही. नैसर्गिक दात हळूहळू पुढे सरकतात, इम्प्लांट जागचा हलत नाही, मधला कॉन्टॅक्ट सुटतो. क्राउन स्क्रूचा असेल तर काढून लॅबमध्ये कॉन्टॅक्ट वाढवता येतो.

कवळी हलते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांना काय द्यायचं?

खालच्या कवळीला दोन इम्प्लांट. २००२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या परिषदेने दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं. जनरल डेंटिस्टच्या आवाक्यातलं आणि रुग्णाला रोजच्या जेवणात जाणवणारं काम आहे हे. इम्प्लांट मेंटल फोरामेनच्या (हनुवटीची नस हाडातून बाहेर येते त्या भोकाच्या) पुढे, त्याच्यापासून ५ मिलिमीटर अंतर ठेवून. लोकेटरला (कवळी इम्प्लांटवर अडकवणाऱ्या बटणासारख्या भागाला) प्लॅटफॉर्मच्या वर ८.५ ते ९ मिलिमीटर उंची हवी, नाहीतर कवळी तिथेच चिरते.

पण आधी नवी, नीट कवळी. जुन्या ढिल्या कवळीत लोकेटर अडकवले तर कवळी झुलतच राहते, फक्त इम्प्लांटवर झुलते, आणि नायलॉनच्या टोप्या दर दोन महिन्यांनी बदलाव्या लागतात.

सर्जिकल गाइड वापरला की काम सोपं होतं ना?

गाइड म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा. त्याने दिशा सोपी होते. अभ्यासांमध्ये गाइडनेही सरासरी १ मिलिमीटरच्या वर आणि ३ ते ४ अंशांचा फरक येतो, त्यामुळे नसेपासूनचं अंतर गाइडच्या भरवशावर कमी करू नका. गाइडचं ड्रिल लांब असतं, तोंड जास्त उघडावं लागतं, आणि पाणी स्लीव्हच्या (ड्रिल जातं त्या नळीच्या) आत पोचत नाही. हाताने जमायला लागल्यावर गाइड घ्या.

घाबरावं असं काय होऊ शकतं?

दोन गोष्टी. भूल उतरायच्या वेळेनंतरही खालचा ओठ बधिर राहिला तर ‘येईल हळूहळू’ म्हणू नका. संध्याकाळी स्वतः फोन करून विचारा. बधिर असेल तर त्याच दिवशी एक्स-रे किंवा सीबीसीटी. इम्प्लांट नसेवर असेल तर पहिल्या ३० ते ३६ तासांत काढला तर आशा असते. वाट बघण्यात नेमका हाच वेळ जातो.

दुसरी गोष्ट जिवावरची: खालच्या पुढच्या भागात ड्रिल जिभेच्या बाजूने बाहेर पडलं आणि तिथली रक्तवाहिनी तुटली तर जिभेखाली रक्त साठतं, जीभ वर-मागे ढकलली जाते, श्वास अडतो. हे कधी लगेच, कधी काही तासांनी होतं. एक बोट आत, एक हात हनुवटीखाली, जोराने दाबून धरा, आणि १०८ ला फोन. रुग्णाला बसतं ठेवा. क्लिनिकपासून जवळचं, चोवीस तास सर्जन असलेलं हॉस्पिटल कोणतं, हे केसच्या आधी ठरलेलं असावं.

तिसरी गोष्ट लाजिरवाणी, पण होते: हेक्स ड्रायव्हर (स्क्रू फिरवायचं बारीक हत्यार) घशात. त्याला फ्लॉस बांधा. प्रत्येक वेळी.

कोणत्या कंपनीचं किट घेऊ?

ज्याचे पार्ट पुण्यातल्या डीलरकडे मागितल्यावर दुसऱ्या दिवशी मिळतात ते. कोर्सच्या शेवटच्या दिवशी ‘इतके इम्प्लांट घ्या, किट मोफत’ ही योजना येते, तेव्हा पाकीट बाहेर काढू नका. दहा वर्षांनी स्क्रू तुटेल तेव्हा त्याच कनेक्शनचा स्क्रू मिळायला हवा. दुसऱ्या डॉक्टरने टाकलेला, नाव-गाव नसलेला इम्प्लांट घेऊन रुग्ण तुमच्याकडे येईल, त्या दिवशी हे पटेल.

म्हणूनच इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर जपा. त्यावर माप, लॉट नंबर, सगळं असतं. एक तुमच्या फाइलमध्ये, एक रुग्णाच्या कार्डावर.

‘डॉक्टर, कायमचं ना?’ याला काय उत्तर द्यायचं?

‘काका, नीट घासलंत आणि सहा महिन्यांनी दाखवायला आलात तर पुष्कळ वर्षं चालेल. पण याला कीड लागत नसली तरी हिरडी सुजू शकते, आणि याला नस नसल्याने दुखून कळणार नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. हे संमतिपत्रकातही मराठीतच लिहा.

क्राउन दिल्यावर केस संपली का?

त्या दिवशी एक्स-रे काढून ठेवा, सहाही बाजूंची पॉकेटची (हिरडी आणि इम्प्लांट यांमधल्या फटीची) खोली लिहा. पुढे रक्त आलं, खोली वाढली, हाड उतरलं, तर तुलना याच आकड्यांशी होते. सुरुवातीची नोंदच नसेल तर २०१७च्या जागतिक कार्यशाळेचा निकष वापरतात: रक्त किंवा पू, ६ मिलिमीटर किंवा जास्त खोली आणि ३ मिलिमीटर किंवा जास्त हाड उतरलेलं, म्हणजे पेरि-इम्प्लांटायटिस (इम्प्लांटभोवतीचं हाड खाणारा दाह). तोवर बराच उशीर झालेला असतो.

तारखा ठरवताना काही बघायचं?

क्लिनिक पेठांत असेल तर गणपतीचं कॅलेंडर. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सर्जरी केली आणि रात्री रुग्णाला सूज आली, तर लक्ष्मी रोड ओलांडून ना तो येऊ शकतो ना तुम्ही जाऊ शकता. पालखीच्या मुक्कामाचंही तसंच. अशा आठवड्यात मापं घ्या, ट्रायल घ्या, टाक्यांची केस पुढे ढकला.